लष्कराच्या भाकरी, प्रचाराचा तवा

अंगावर लष्करी वर्दी आणि तोंडात राजकारण, दोन्ही एकदम हवं असेल तर पहिला सल्ला नीट ऐका: सैन्यात भरती होऊ नका.

बरेच होतकरू तरुण इथेच फसतात. पहाटे चारला उठून माळावर सोळाशे मीटर धावतात, भरतीच्या रांगेत उघड्या अंगानं उभे राहतात, छाती मोजून घेतात. एवढं करून जी वर्दी मिळते, ती अंगात असताना तालुक्याच्या साध्या सभेला जाऊन सतरंजीवर बसायचीही सोय नाही. १९५४ च्या आर्मी रूल्समधला विसावा नियम वाचा. राजकीय सभेला जायचं नाही, तिथं बोलायचं नाही, मोर्चात चालायचं नाही, पक्षाचं सभासद व्हायचं नाही, वर्गणी द्यायची नाही. निवडणुकीला उभं राहणं लांबच, 'आमचा अमुक उभा राहणार' असं दुसऱ्या कुणी जाहीर करायला लागलं तर तेही होऊ द्यायचं नाही. आणि दुसऱ्याचा प्रचार? तोही नाही. संसदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत कुठंच नाही. पुढचा एकविसावा नियम लिहिण्या-बोलण्याचा. परवानगीशिवाय राजकीय विषयावर काही छापायचं नाही, व्याख्यान झोडायचं नाही. या सगळ्याला १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टच्या २१व्या कलमाचा आणि त्याच्याही खाली घटनेच्या ३३व्या कलमाचा पाया आहे. बाकीच्यांना जे मूलभूत हक्क आहेत, ते सैनिकांच्या बाबतीत आवळायची मुभा घटनेनंच संसदेला दिली आहे. २०२० साली तर फेसबुक, इन्स्टाग्राम धरून ८९ अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाका, असा हुकूम निघाला. म्हणजे गावच्या पारावर गप्प बसायचं आणि खिशातल्या पारावरही.

नियमाशी माझं भांडण नाही. १९७७ साली झिया आणि १९९९ साली मुशर्रफ शेजारी काय करून गेले ते पाहिलेल्या कुणाचंही नसावं. माझं म्हणणं एवढंच की ज्याला राजकारणाची हौस आहे त्यानं हे पाहून आधीच शहाणं व्हावं.

मत मात्र फौजीला देता येतं. ते कसं, तेही ऐका, म्हणजे मतदान केंद्रावरच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहिल्याची तक्रार पुन्हा करणार नाही. मतपत्रिका युनिटपर्यंत ऑनलाइन येते. ती उतरवून घ्यायची, छापायची, खूण करायची, एका पाकिटात घालायची. प्रतिज्ञापत्रावर सही करायची, ती अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायची. मग सगळं दुसऱ्या पाकिटात घालून टपालात टाकायचं. ते मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचलं तर मत, नाही तर रद्दी. डोंगरावरच्या चौकीत प्रिंटर आणि टपालपेटी शोधून हे करायचं. तरी २०१९ ला साधारण १८ लाख सेवा मतदारांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास लोकांच्या मतपत्रिका परत आल्या. आमच्या सोसायटीतला टक्का मी सांगत नाही, सोसायटीचा सेक्रेटरी हे वाचतो.

तेव्हा तुम्ही सरळ आठवडी बाजारात जा. ठिपक्यांचं जाकीट, ठिपक्यांची टोपी, आणि पोट झाकलं जाईल अशा मापाची ठिपक्यांची पँट तिथं लटकलेली असते. घासाघीस केली तर पट्टा फुकट. २०१६ ला पठाणकोटचा हल्ला झाल्यावर लष्करानं लोकांना विनवलं होतं की बाबांनो, असले कपडे घालू नका, विकू नका. बाजारानं ऐकून घेतलं. मग १५ जानेवारी २०२२ ला लष्करानं नवी लढाऊ वर्दीच आणली आणि तिच्या नक्षीची रीतसर नोंदणी करून घेतली. तुम्ही जुन्या नक्षीवर समाधान माना. मतदाराला दोन्हींतला फरक कळत नाही.

कायद्याची भीती वाटत असेल तर तीही काढून टाका. भारतीय न्याय संहितेचं १६८वं कलम आहे. सैनिक नसताना सैनिकाचा वेश घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाही तर दोन हजारांपर्यंत दंड, नाही तर दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हा दंड पाचशे होता, म्हणजे महागाई सगळीकडेच आहे. पण कलमात एक मेख आहे: आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं, हा हेतू असावा लागतो. तुमचा तसा हेतू मुळीच नाही. तुम्हाला सैन्याविषयी फक्त आदर वाटतो, आणि तो नेमका निवडणुकीच्या तोंडावर उचंबळून येतो. मार्च २०१९ मध्ये दिल्लीत एका गायक खासदारानं लष्करी कपड्यात मोटारसायकल फेरी काढली. टीका झाल्यावर त्यांचंही उत्तर हेच होतं: अभिमान! अभिमानाला दंड नाही.

एक चूक मात्र जीव गेला तरी करू नका. खरा जवान प्रचारात घेऊ नका. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमात सैन्यातल्या माणसाची मदत घेणं हा भ्रष्ट आचार ठरवला आहे, आणि त्यापायी निवडून आलेला माणूस घरी जाऊ शकतो. नकली जवानांविषयी त्या कलमात अवाक्षर नाही. तेव्हा दहा नकली घ्या.

फोटोंचं काय? निवडणूक आयोगानं डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना पत्र लिहून सांगितलं होतं की सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका. ९ मार्च २०१९ ला तेच पुन्हा सांगावं लागलं, यावरून पहिल्या पत्राचं काय झालं ते समजा. त्या आठवड्यात फ्लेक्सवर एवढे अभिनंदन वर्धमान होते की मतपत्रिकेवर तेच आहेत असं वाटावं. दिल्लीतल्या एका आमदाराच्या तसल्या पोस्ट काढायला आयोगाला फेसबुकला सांगावं लागलं. दहा दिवसांनी आणखी एक पत्र निघालं: सैन्याच्या कारवायांचाही प्रचार नको.

पत्र नीट वाचणाराला वाट सापडतेच. फोटो नको म्हटलंय ना? मग नाव घ्या. ९ एप्रिल २०१९ ला आपल्याच लातूर जिल्ह्यात, औशाच्या सभेत, पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना विचारलं की तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीरांना अर्पण होऊ शकतं का. अर्पण! फुलं अर्पण करतात, नैवेद्य अर्पण करतात, आता मतही. त्याआधी गाझियाबादच्या सभेत उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी अख्खं लष्करच 'मोदीजी की सेना' करून टाकलं. तिथले उमेदवार माजी लष्करप्रमुख होते, हे विशेष. मुख्यमंत्र्यांना आयोगानं जपून बोलायला सांगितलं, औशाच्या भाषणात आचारसंहितेचा भंग दिसला नाही. विरोधक मागं राहिले असं समजू नका. काँग्रेसनं मे महिन्यात आपल्या काळातल्या सहा सर्जिकल स्ट्राइकची यादी वाचून दाखवली. धाडी घातल्या तेव्हा गुपित होत्या, मतदान आलं तेव्हा यादी झाली. लष्कराच्या भाकरी भाजणं म्हणजे नसती उठाठेव, असं आपल्या आज्या म्हणायच्या. त्यांनी निवडणुका कमी पाहिल्या होत्या. या तव्यावर भाकरी लष्कराची आणि पोट भलत्याचंच.

सत्ता हातात असेल तर याहून सोज्वळ मार्ग आहे. २०२३ साली संरक्षण खात्याच्या कामाची जाहिरात करणारे, पंतप्रधानांचं चित्र असलेले ८२२ सेल्फी पॉइंट उभारायचं ठरलं. त्याच साली सुट्टीवर गेलेल्या जवानांनी गावात समाजसेवा करावी, चांगल्या योजनांविषयी लोकांशी बोलावं, अशी सूचना निघाली. हे राजकारण नव्हे, माहिती आहे. दोन्हींतला फरक असा की माहिती सत्तेतले देतात आणि राजकारण विरोधक करतात.

एवढं सांगूनही तुम्ही आधीच भरती झाला असाल तर धीर धरा, निवृत्त व्हा. त्यानंतर किती दिवस थांबायचं याचं बंधन नाही. जनरल व्ही. के. सिंग ३१ मे २०१२ ला निवृत्त झाले, सप्टेंबर २०१३ ला रेवाडीच्या सभेत व्यासपीठावर होते आणि २०१४ ला खासदार. हवाई दलाचे माजी प्रमुख भदौरिया यांनी अडीच वर्षं दम काढला. जनरल जे. जे. सिंग अकाली दलाकडून पटियाळ्यात उभे राहिले आणि पडले, तेव्हा हुद्दा म्हणजे विजयाची हमी नाही, हेही ध्यानात घ्या. फ्लेक्सवर हुद्दा ठळक टाका. 'निवृत्त' हा शब्द कंसात, आणि फ्लेक्सवाल्याकडे जो सगळ्यात बारीक टाइप असेल त्यात.

आता हे मी कुणाला बघून शिकलो ते सांगतो. आमच्या गावाकडं, सातारच्या बाजूला, फौजेत गेलेला शिपाई असो की नाईक, गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. माझा चुलतभाऊ हवालदार आहे, म्हणजे गावाच्या हिशेबी मेजर. दोन निवडणुकांपूर्वी तो सुट्टीवर आला तेव्हा त्याचीच आई, म्हणजे आमची काकू, सरपंचपदाला उभी होती. पॅनेलची पोरं घरोघर फिरत होती आणि हा सोप्यात बसून शेंगा फोडत होता. काकू म्हणाली, "अरे, निदान वाडीत तरी चल माझ्यासंगं." हा म्हणाला, "आये, नोकरी जाईल." काकूला पटेना. सख्ख्या आईसाठी दोन शब्द बोलल्यानं नोकरी जाते, हे तिला सरकारचं नव्हे, सुनेचं काम वाटत होतं. फ्लेक्सवर फोटो टाकायलाही त्यानं नकार दिला. शेवटी पोरांनी इंटरनेटवरून काढून एक लढाऊ विमान टाकलं. त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "हे आपलं न्हाई." पोरं म्हणाली, "मेजर, उडतंय न्हवं?"

समोरचं पॅनेल मात्र पुरतं सैनिकी झालेलं. वीस-बावीस पोरं ठिपक्यांच्या टी-शर्टात, आणि उमेदवाराचा नवरा शिवून घेतलेल्या वर्दीत. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ही पलटण आमच्या दारात आली. विरोधी घर असलं तरी मत मागायला येणं ही गावची रीत. बाकी सगळ्यांचं लक्ष त्या माणसाच्या गॉगलवर, पण भावाचं त्याच्या खांद्यावर. तिथं शिंप्यानं हौसेनं एक अशोकस्तंभ आणि त्याखाली एक तारा लावला होता. लेफ्टनंट कर्नल.

मी बघत होतो. भावाच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या, तो ताडकन उठला, टाचा जुळल्या, हात अर्ध्यावर आला आणि तिथंच थांबला. सतरा वर्षांची सवय.

त्या गृहस्थांनी गॉगल वर केला, हात जोडले आणि म्हणाले, "बसा मेजर, बसा."