पॉलिप काढायचाच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. काकूंना संडासवाटे रक्त जात होतं म्हणून दुर्बिणीची तपासणी झाली. मोठ्या आतड्यात ८ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला लहानसा कोंब, सापडला, तो तिथेच काढला. रिपोर्ट आला ‘ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड’. माझा लेख वाचून काकूंची झोप उडाली. तुमचा सवाल असा, की बहुतेक पॉलिपांचा कॅन्सर होत नाही असं मीच लिहितो, मग काढायचा कशाला? चाकू लागला की उलट पसरतो. आणि ज्वारीची भाकरी खाणाऱ्या सोलापूरकरांच्या गळ्यात हा परदेशी आजार मारणं हा धंदा आहे.

आधी काकूंना सांगा, त्यांना कॅन्सर झालेला नाही. अ‍ॅडेनोमा हा पॉलिपाचा एक प्रकार, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. लो ग्रेड म्हणजे पेशींची ठेवण जराशी बिघडलेली होती, तीही आतड्याच्या अगदी आतल्या अस्तरातच.

बहुतेक अ‍ॅडेनोमा कधीच कॅन्सरपर्यंत जात नाहीत, हे खरं. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर पॉलिपातूनच सुरू होतात, हेही तितकंच खरं. पेशींच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साठत जातात, त्याला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात. आकार १० मिलिमीटरवर गेला किंवा तुकड्यात हाय ग्रेड, म्हणजे जास्त बिघडलेले, बदल दिसले, की धोका वाढतो. मात्र यातला कुठला पुढे जाणार आणि कुठला तसाच राहणार, हे आधी सांगण्याची सोय नाही. आत काय आहे तेही पॉलिप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच पक्कं कळतं. म्हणून काढणं हीच तपासणी आणि तोच उपचार. अमेरिकेत अ‍ॅडेनोमा काढलेल्या लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९९३ साली दिसलं की त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा बराच कमी झाला. २०१२ साली दिसलं की त्या कॅन्सरने होणारे मृत्यूही अपेक्षेच्या निम्म्यावर आले.

चाकूची भीती मी घरोघरी ऐकतो, आणि तिच्यापायी लोक उपचार लांबवतात याचं फार वाईट वाटतं. पसरायचं तर पेशींना अस्तर फोडून खालच्या थरात शिरावं लागतं. काकूंच्या पॉलिपात तसं काही नव्हतं. दुर्बिणीतून तारेचा फास टाकून तो मुळाशी कापतात, त्याने काहीही पसरत नाही. खरे धोके वेगळे आहेत : नंतर रक्तस्राव होणं आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणं. ते आधी समजावून सांगायलाच हवेत.

भाकरीच्या मुद्द्यात तथ्य आहे. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा खूपच कमी आहे. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, देशातली पहिली. तेव्हा आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. सरकारी तपासणी मोहिमेचा भर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखावर आहे, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत ४५व्या वर्षापासून सरसकट तपासणी सुचवतात म्हणून सोलापुरातही सगळ्यांनी दुर्बीण घालून घ्यावी, असं मी म्हणणार नाही.

पण रक्त जात असेल तर गोष्ट बदलते. आपल्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध ठरते, आणि माणूस चूर्ण-मलमावर महिनोन्महिने काढतो. काकूंचं रक्तही कदाचित मूळव्याधीचंच असेल. ८ मिलिमीटरचा पॉलिप सहसा रक्त देत नाही. तरी आत पाहिल्याशिवाय ते कोणाला सांगता आलं असतं? चाळिशीनंतर रक्त जाणं, शौचाची सवय बदलणं, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरणं, किंवा आई-वडील, भावंडांपैकी कोणाला हा कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असलं तर घरच्या घरी निदान करू नका.

राहिला धंद्याचा संशय. तो दूर करायचा तर फाइल घेऊन डॉक्टरांना विचारा : पॉलिप एकच होता का, पूर्ण निघाला का, तपासणीच्या वेळी आतडं नीट साफ होतं का? एक-दोन लहान, लो ग्रेड ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा असतील तर पुढची दुर्बीण सात ते दहा वर्षांनी, असा अमेरिकी तज्ज्ञांचा २०२०चा सल्ला आहे. पुढच्याच वर्षी या म्हणाले तर कारण विचारा. आतडं नीट साफ नसणं हे रास्त कारण आहे. कारण पटलं नाही, तर रिपोर्ट दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.