माणसाचं नाक निकामी नाही

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा सारांश असा: माणसाला जग कळतं ते डोळ्यांनी आणि कानांनी, नाक हे उत्क्रांतीत मागे पडलेलं, जवळजवळ निकामी झालेलं इंद्रिय आहे. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा हजारो पटींनी तीक्ष्ण असतं, आपल्याला जेमतेम दहा हजार वास ओळखता येतात, वासांना भाषेत धड नावंही नाहीत, आणि वास गेला तरी माणसाचं फारसं काही अडत नाही. ओळखीच्या तिघांनी हा मजकूर मला पाठवला. त्यांतले एक शाळेत विज्ञान शिकवतात, म्हणून लिहायला बसले. शेवटचं वाक्य तर मला वाचवतही नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी हे 'निकामी' कुठून आलं ते पाहू. पॉल ब्रोका हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच मेंदूतज्ज्ञ. मेंदूतल्या वाचेच्या भागाला आजही त्याचं नाव आहे. त्याने वेगवेगळ्या प्राण्यांच्या मेंदूंची तुलना केली. वासाचं काम करणारा घ्राणकंद माणसात बाकी मेंदूच्या मानाने फार लहान दिसला, आणि त्याने माणसाला वासावर न चालणाऱ्या प्राण्यांच्या रांगेत बसवलं. हे वर्गीकरण मेंदूच्या आकारावरून केलेलं होतं. माणसं वास किती ओळखतात याची चाचणी घेऊन नव्हे. वाड्याला चार खण नवे जोडले म्हणून देवघर लहान झालं असं कोणी म्हणत नाही. ते होतं तेवढंच राहतं, वाडा वाढतो. इथे नेमकं तेच झालं. माणसाचा घ्राणकंद उंदराच्या कंदापेक्षा आकाराने कितीतरी मोठा आहे, आणि पेशी मोजल्या तर बऱ्याच सस्तन प्राण्यांत तो आकडा सुमारे एक कोटीच्या आसपासच फिरतो, आपल्यातही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या जॉन मॅकगॅन यांनी 2017 साली 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात हा सगळा इतिहास उलगडून दाखवला. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं आपण एका मोजपट्टीच्या चुकीवर विश्वास ठेवून होतो.

आता कुत्रा. पुष्कळ वासांच्या बाबतीत कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. वास टिपणारी चालू स्थितीतली जनुकं आपल्यात सुमारे 400, तर कुत्र्यात त्याच्या दुपटीच्या आसपास. पण 'इतके हजार पट' हा सरसकट आकडा निरर्थक आहे, कारण नाकाची धार पदार्थागणिक बदलते. पहिल्या पावसाचंच घ्या. मातीतल्या जिवाणूंपासून तयार होणारं जिओस्मिन हे त्या वासामागचं एक मुख्य रसायन. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्या नाकाला ते कळतात. 'गंधवती पृथ्वी' अशी मातीची ओळख आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, करून दिली होती. त्यांना जिओस्मिन माहीत नव्हतं, पण नाकाने सांगितलेलं त्यांनी मानलं.

आणि माग काढण्याचं काय? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक प्रयोग झाला, 2007 साली तो प्रसिद्ध झाला. गवतावर चॉकलेटच्या अर्कात भिजवलेला दहा मीटर दोरा टाकला. 32 माणसांच्या डोळ्यांवर पट्ट्या, कान बंद, हातांत जाड मोजे. सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून, नाक जमिनीला लावून निघायचं. दोन तृतीयांश लोकांनी तो माग शेवटपर्यंत काढला. ते कुत्र्यासारखेच डावी-उजवीकडे नागमोडी हुंगत गेले, आणि ज्यांना काही दिवस सराव दिला त्यांचा वेग वाढला. एक नाकपुडी बंद केली की कामगिरी घसरायची, म्हणजे दोन्ही नाकपुड्यांत पोचणाऱ्या वासातला फरकही मेंदू वापरत होता. आपण माग काढत नाही याचं मोठं कारण सरळ आहे: आपण दोन पायांवर चालतो आणि नाक जमिनीपासून पाच फुटांवर घेऊन फिरतो.

दहा हजार वासांबद्दल थोडक्यात. हा 1920च्या दशकातला अंदाज, पुढे पाठ्यपुस्तकांतून नुसता उतरवून घेतला गेला. 2014 साली एका संशोधनाने थेट एक लाख कोटी असा आकडा दिला. त्या गणितावर पुढच्याच वर्षी जोरदार आक्षेप आले, म्हणून तोही कोणी छातीठोक सांगू नये.

वासांना शब्द नाहीत, हे मात्र मराठी माणसाने दुसऱ्याला पाठवावं याचं मला खरोखर वाईट वाटतं. मलय द्वीपकल्पातल्या जंगलात जहाई नावाचे शिकारी-संकलक लोक राहतात. असिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट या संशोधकांनी 2014 साली दाखवलं की जहाई लोक वासांना रंगांइतक्याच सहजपणे नाव देतात. त्यांच्या एकाच शब्दात पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांच्या वासातलं साम्य पकडलेलं आहे. त्याच चाचणीत इंग्रजी बोलणारे चाचपडत राहिले. इंग्रजीची ती अडचण सगळ्या मानवजातीच्या नावावर खपवली गेली.

आता आपल्या घरात या. 'कुबट' हा शब्द पावसाळ्यात ओलसरच घडी घातलेल्या साडीला लागतो, बंद खोलीला लागतो, माळ्यावरच्या गादीलाही लागतो. वस्तू वेगळ्या, वासाची जात एक. खोबरं खवट होतं, दाणेही खवट होतात, पण दूध खवट होत नाही, ते आंबूस होतं. बेसन भाजताना आधी खमंग, क्षणभर दुर्लक्ष झालं की करपट. ही सीमा लाडू वळणारी कुठलीही बाई नाकाने ओळखते, घड्याळाने नाही. मासळीला वशाट. आणि वास येतो कसा, यालाही शब्द आहेत: मोगरा दरवळतो, पुरणाचा घमघमाट सुटतो, दारूचा भपकारा येतो. हे शब्द मुलांच्या बोलण्यातून जाऊ लागलेत, सगळ्याला नुसतं 'स्मेल येतोय' म्हटलं जातं, ते माझ्या कानांना फार लागतं.

राहिलं शेवटचं: वास गेला तरी काही अडत नाही.

2021 साली कोविडमध्ये आईचा वास गेला. ताप उतरला, वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, "दिसतंय, ऐकू येतंय ना? मग झालं तर." आई काही बोलली नाही. घरी आल्यावर जेवताना म्हणाली, "मीठ कळतंय गं, गोड कळतंय. पण हे वरण आहे का आमटी, ते डोळ्यांनी बघावं लागतं." जिभेला कळतं ते खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममधली ती भरदार चव) एवढंच. बाकी आपण ज्याला चव म्हणतो तो घशामागून नाकात चढणारा वास असतो. खात्री करायची तर नाक चिमटीत घट्ट धरून हापूसची फोड तोंडात घाला: नुसता गोड-आंबट मऊ गोळा. नाक सोडा, त्याच क्षणी आंबा येईल.

ती जेवेनाशी झाली. एकदा शेगडीचा खटका अर्धवट फिरलेला राहिला आणि ती तिथेच भाजी निवडत बसली होती. बाहेरून आल्यावर दारातच मला वास आला. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. 1937 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक शाळकरी मुलं. त्यानंतर तिथे वायूला वास देणं कायद्याने सक्तीचं झालं. आज प्रत्येक स्वयंपाकघराची राखण याच 'निकामी' इंद्रियावर सोपवलेली आहे.

पुढे कळलं की नाकालाही व्यायाम देता येतो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, हे चार वास सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन, काही महिने घ्यायचे. आईने चार बाटल्या देवघराशेजारी ठेवल्या. उदबत्ती लावायची आणि एकेक बाटली नाकाशी धरून डोळे मिटून बसायची. पहिले दोन महिने काही नाही. मग लवंग आली, पण जळक्या रबरासारखी. ती रडली, तरी बाटली सोडली नाही.

एका सकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेरून तिची हाक आली, "अगं, दूध उतू गेलं वाटतं!" ती पुढच्या खोलीत पेपर वाचत होती. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर शेगडीवर सगळी साय करपलेली, आणि आई दारात उभी राहून तो करपट वास पुन्हा पुन्हा आत ओढून घेत होती.