एक क्विंटल चार किलो आणि दोन गुडघे

मागच्या येळवशीला मी रानात जेवायला बसलो, तो बसलोच.

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या म्हणतात ती. त्या दिवशी गावंच्या गावं घराला कुलूप लावून रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव मांडून पूजा करायची आणि मग मांडी घालून भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर, हात थकेपर्यंत. माझा हात थकला नाही. आंबिलीचा पाचवा तांब्या संपवून उठायला म्हणून जमीन टेकली, तर कंबर वर गेली, गुडघे मात्र जागेवरच राहिले.

धाकट्या भावाने उजवा हात धरला, मेहुण्याने डावा, आणि सालगड्याने मागून काखेत हात घातले.

"दाजी, जरा तुमीबी जोर लावा की," मेहुणा म्हणाला.

माझ्याकडे जोर असता तर मी तिघांना बोलावलं असतं का? पण त्या अवस्थेत वाद घालता येत नाही. सालगडी मागून पुटपुटला, "बैल बसला तर श्येपटी पिरगाळून उठतो तरी."

हा सगळा सोहळा आई बघत होती. वय ७८. उकिडवी बसून भांडी घासत होती. हात न टेकता उभी राहिली, चालत आली आणि मला आपादमस्तक न्याहाळून परत जाऊन उकिडवी बसली. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली बाई ती. तिच्या गुडघ्यांना आवाज नाही आणि आमचे, जिल्हा परिषदेच्या खुर्चीत तीस वर्षं मऊ उशीवर सांभाळलेले गुडघे, जात्यासारखे घरघरतात.

दुसऱ्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या काट्यावर आकडा आला १०४. मी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, गावचा माणूस, त्यामुळे मनात आपोआप 'एक क्विंटल चार किलो' अशी नोंद झाली. सोयाबीन असतं तर आडत्याने ओल जास्त म्हणून काही किलो कापले तरी असते; १२ टक्क्यांच्या वर आर्द्रता निघाली की काटा मारतातच. माझ्यात ओल नव्हती. सगळा माल खणखणीत.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं की गुडघ्यातली गादी झिजली आहे, आणि शरीराचं वजन एक किलोने घटलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. हे त्यांनी मला उमेद यावी म्हणून सांगितलं. मी हिशेबाच्या टेबलावरचा माणूस, मी तो हिशेब उलटा केला. लग्नाच्या वेळी मी ६२ किलोचा होतो. म्हणजे वरचे ४२ गुणिले चार, १६८ किलो. दर पावलाला. म्हणजे इतकी वर्षं मी खांद्यावर कुणाला तरी बसवून हिंडत होतो, आणि तो माणूस उजनीची बासुंदी खाऊन माझ्याहूनही जाड झालेला होता.

"मग आता आराम करू का?" मी आशेने विचारलं.

"आराम करूनच तर हे झालंय. व्यायाम करा."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण त्यांनी नीट समजावलं. त्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तसा तिच्यात स्पंजासारखा रस आत-बाहेर होतो आणि तेच तिचं जेवण. गुडघा हलवलाच नाही तर ती उपाशी राहते. आमच्या घरात उपाशी राहणारं कुणीतरी आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं.

अट एवढीच की गुडघ्याला दणका बसता कामा नये आणि छाती मात्र धपापली पाहिजे. पळायचं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत, उठाबशा नाहीत. आठवड्याला १५० मिनिटं, तीही दहा-दहाचे तुकडे करून चालतील. जोर किती लावायचा? बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढा. आणि व्यायामानंतर दोन तास उलटले तरी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, बंद नाही करायचं.

"सगळ्यात उत्तम म्हणजे पाण्यात व्यायाम," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

पाण्यात. लातुरात. ज्या शहराला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं, त्या शहरात. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लावलं होतं, माणसं जमायला बंदी. मी एकटा घागर घेऊन गेलो तरी लोक जमाव आला म्हणून बघायचे. आणि आता तेच पाणी औषध म्हणून, तेही गळ्यापर्यंत!

म्हणून आधी सायकल घेतली. सायकलवर वजन बसतं सीटवर, गुडघे नुसते फिरतात, हे तत्त्व मला फार पटलं. अडचण चढण्याची. दांडीवरून टांग टाकायची तर तेवढी टांग उचलली पाहिजे. ती उचलता आली असती तर सायकल कशाला लागली असती? शेवटी बिनदांडीची, लेडीज सायकल आणली. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या दिवशी सोळाही रस्त्यांवरून माझ्या ओळखीची माणसं येत होती.

"साहेब, गाडी इकलाव काय?"

"लेकीची सायकल दुरुस्तीला नेलालाव का?"

लेक पुण्यात नोकरीला आहे. मी "हो" म्हणून मोकळा झालो. आठ दिवस सायकल दुरुस्तीलाच नेत होतो.

आठ दिवसांत गुडघे सुधारायचे सोडून जास्तच बोलायला लागले. दोन तास सोडा, रात्रभर. मग दुकानदारानेच चूक दाखवली. पडू नये म्हणून मी सीट इतकी खाली ठेवली होती की पायडल वर आलं की गुडघा पोटात शिरायचा, म्हणजे बसल्या बसल्या उठाबशाच चालल्या होत्या. पायडल अगदी खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे. सीट चार बोटं वर गेली आणि दुखणं खरोखर उतरलं. पण आता थांबताना पाय जमिनीला पुरेना. त्यामुळे सिग्नलला थांबायची वेळ येऊ नये म्हणून मी पहाटे पाचला निघायला लागलो. कुत्र्यांना ही वेळ फार आवडली. त्यांच्यामुळे एक झालं, छाती धपापण्याची अट पहिल्यांदा पूर्ण झाली. त्या क्षणी मला गाताच काय, बोलताही येत नव्हतं.

फेब्रुवारीत मन घट्ट करून पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. मला पोहायला येत नाही असं नाही. पाठीला रिकामा डबा बांधून भावाने विहिरीत ढकलला तेव्हापासून येतं. मी मारलेल्या मुटक्याचे शिंतोडे मोटेवरच्या माणसाला भिजवायचे. पण डॉक्टरांनी पोहायचं नव्हे, छातीभर पाण्यात चालायचं सांगितलं होतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तर अंगाचं निम्मं वजन पाणी उचलतं, छातीपर्यंत गेलं की पायांवर जेमतेम तीस टक्के उरतं. म्हणजे मी ३१ किलोचा. सहावीतला पोरगा. वर पाणी पुढे जाऊ देत नाही, रेटत राहावं लागतं, त्यामुळे धाप लागते ती फुकट.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी त्या पाण्यात पाऊल टाकलं आणि घसा दाटून आला. कळच नाही! कित्येक वर्षांनी गुडघे असे गप्प बसले होते. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हात हलवत, खाली मान घालून, एकेक पाऊल मोजत चालत राहिलो.

ती खाली घातलेली मान नडली.

"काका, काय हरवलंय?" बाजूने एक दहा वर्षांचं डोकं वर आलं.

"काही नाही रे, चालतोय."

पाण्यात कुणी चालतं का? पोराला ते पटलं नाही. त्याने बुडी मारली, तळ चाचपून वर आला. "इथं न्हाई काका. तिकडं बघू का?" मग त्याचा मित्र आला. पाच मिनिटांत उन्हाळी बॅचची सात-आठ पोरं माझ्या पायाशी बुड्या मारत होती. एकाने केसांची पिन काढून दिली, एकाने दहाचं नाणं. मी ते घेतलं नाही, त्यावरून त्यांची खात्री पटली की हरवलेली वस्तू याहून मोठी आहे.

तिसऱ्या दिवशी ती अंगठी झाली. पाचव्या दिवशी पोहायला शिकवणारे सर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, किती ग्रॅमची होती? गाळणीत बघायला लावतो." मी त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी, गादी, स्पंज, तीस टक्के सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं न्हाई, बिल असलं तर बरं पडतं."

शनिवारी मी घरी आलो तर ही दारातच उभी. भाजीवालीकडून कळलं होतं.

"अवो, अंगठी हरवली म्हणं तलावात?"

"अगं, अंगठीच नाही."

"तेच इचारलाले मी. तुमाला अंगठी केली कवा? आन् कुणी?"

त्या रात्रीची धाप कुठल्याही व्यायामात मोजता येणार नाही.

तरी मी दोन महिने नेटाने चाललो. एकच क्षण नकोसा वाटायचा, बाहेर पडण्याचा. शिडीच्या पहिल्या पायरीवर सहावीतला पोरगा असतो, दुसरीवर कॉलेजात जातो आणि तिसरीवर सगळे किलो एकदम परत येऊन खांद्यावर बसतात. हिला वेगळीच हळहळ. "तुमी उतरलाव की किती पाणी सरकत असंल," ती म्हणायची, "तेवढ्यात आपली दोन दिवसांची धुनी निघाली असती." मी हिशेब केला, सत्तरेक लिटर. धुणी खरंच निघाली असती.

एप्रिलच्या मध्यावर तलावाच्या फाटकावर पाटी लागली, पाण्याअभावी बंद. नळाला आठ दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात या पाटीवर चिडता येत नाही. उलट इतके दिवस चालू कसा राहिला याचंच नवल. अंगठीची चौकशी मात्र बंद झाली नाही. तलाव आटल्यावर ती सापडेल असा पोरांचा होरा होता.

मधल्या काळात लेकीने घड्याळ पाठवलं. रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत म्हणे. मी शोध घेतला. १९६५मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आणलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं यंत्र'. आकडा गोल, कानाला बरा वाटतो म्हणून. म्हणजे माझे गुडघे एका जाहिरातीपायी झिजणार होते. मी तीन हजारांवर तडजोड केली, तीही डांबरावर नाही, मातीच्या मैदानावर. सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींत बोलता येतं की नाही याची चाचणी घ्यावी लागत नाही. आमच्यातला एकही जण आजवर बोलायचा थांबलेला नाही. शेवटची फेरी निलंगा राईसच्या गाड्यापाशी संपते, त्याविषयी डॉक्टरांना काही बोललेलो नाही.

ऐन उन्हाळ्यात, ४२-४३ डिग्रीत बाहेर पडणं शक्य नव्हतं, तेव्हा खुर्ची उरली. ताठ बसायचं, जागच्या जागी पाय आपटल्यासारखे उचलायचे, हात पळताना हलवतो तसे हलवायचे. मधून एकेक पाय समोर सरळ करून पाच आकडे थांबायचं, म्हणजे मांडीचे स्नायू घट्ट होतात आणि गुडघ्याचा भार उचलतात. मोबाइलवर हलगी लावली की दहा मिनिटांत शर्ट ओला. हे वाटतं तितकं सोपं नाही, पण दिसतं फार वाईट.

शेजारचे आण्णा पेपर मागायला आले. दार उघडंच. मी खुर्चीत, डोळे मिटलेले, दोन्ही हात वाऱ्यावर.

"काय करलालाव हो?"

"पळलालो."

आण्णांनी आईकडे बघितलं. आई गहू निवडत होती, उकिडवी. "पळू द्या," ती म्हणाली, "कुटं जात न्हाई त्यो."

अशा रीतीने दिवाळी उलटली, पुन्हा येळवस आली. काट्यावर ९७. गेलेले सात गुणिले चार, अठ्ठावीस. खांद्यावरचा तो जाडा माणूस एवढा तरी उतरला होता. कोपीभोवतीच्या पाचही फेऱ्या मी सगळ्यांबरोबर मारल्या, 'ओलगे ओलगे' ओरडत. ओरडता येत होतं, सुरात येत नव्हतं, म्हणजे जोर अगदी नेमका. सगळे पंगतीला मांडी घालून बसले. माझ्यासाठी भावाने मंडपवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणली होती. मी त्यात पाटलासारखा बसलो, ताट मांडीवर, आणि मांडीवाल्यांकडे वरून बघत आंबील प्यायलो.

हरभऱ्याला आदल्याच दिवशी पाणी दिलं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. काळं रान. पहिल्या तांब्याला खुर्चीचे मागचे पाय जरा रुतले, दुसऱ्याला पुढचे. बोलण्याच्या नादात लक्षात आलं नाही. चौथ्या तांब्याला बघतो तर मेहुण्याचं तोंड माझ्या तोंडासमोर. पाचव्याला माझे गुडघे माझ्या हनुवटीशी होते आणि दोन्ही बाजूंनी खुर्चीचे हात मला आवळून बसले होते.

भाऊ उठला. मेहुणा उठला. सालगड्याने न सांगता मागची बाजू धरली.

"आदी खुर्ची काढू का दादाला?" भावाने विचारलं.

आई भांड्यांवरून उठली, हात न टेकता. आली, बघितलं.

"आदी ह्याला काडा," ती म्हणाली. "खुर्ची भाड्याची हाय, मोडायची."