पगाराच्या दिवशी त्याचा फोन पाहावा

आज दुपारी नैरोबीतील एका मराठी स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. आमटीभात आटोपत आला असताना यजमानांच्या परिचयाचे एक गृहस्थ इथल्या केनियन कामगारांविषयी म्हणाले, "या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही. आला की चर्चला, गावाला आणि मयताला वाटून मोकळे." सगळे हसले. यजमानांचा मान राखून मी गप्प राहिलो, पण राग अजून उतरलेला नाही.

नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियातील आमच्या कारखान्यात पश्चिम केनियातल्या बुंगोमाकडचा एक वेल्डर आहे, घरातला थोरला मुलगा. पगार झाला की तो हातमोजे काढून लोखंडी पेटीवर बसतो आणि एम-पेसा या मोबाइल सेवेवरून पैसे पाठवू लागतो: आईला, धाकट्या भावाच्या शाळेला, चर्चच्या दशांशाला (कमाईचा दहावा हिस्सा), गावातल्या कोणाच्या तरी अंत्यविधीसाठी चाललेल्या हराम्बेच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून गोळा करायच्या, वर्गणीला. घरबांधणीचे 1.5 टक्के आणि आरोग्यविम्याचे 2.75 टक्के सरकारने आधीच कापून घेतलेले असतात. उरले त्यातून घरभाडे.

आईची पेन्शन, भावाची शिष्यवृत्ती आणि चुलत्यांचा विमा एकटा चालवणाऱ्या या माणसाला उधळ्या म्हणायचे? 2007 साली एम-पेसा आले, तेव्हापासून "कोणी गावी निघाले की त्याच्या हाती पाठवतो" ही सबबही पुरुषांना उरलेली नाही. मागणी येते ती फोनवर, आणि द्यायचे तेही त्याच फोनवरून, ताबडतोब. आपल्यापैकी कित्येकांच्या कोकणातल्या घरच्या चुली मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटल्या. त्या चाकरमान्याला आपण कर्तबगार म्हणतो.

बायकोमुलांना वाऱ्यावर सोडून नाहीसे होणारे पुरुषही येथे आहेत आणि त्यांचा भार बायकाच ओढतात, हे मान्य. पण जो पळालेला नाही, त्याच्याविषयी बोलू या.

त्याच्या बुकुसू समाजात सम वर्षांच्या ऑगस्टमध्ये मुलांची सुंता होते. सगळ्या गावासमोर, पापणीही न हलवता मुलाने उभे राहायचे आणि त्या दिवसापासून पुरुष व्हायचे. आमचा वेल्डर तसा उभा राहिला होता. पेटीवर बसून एकामागून एक आकडे दाबताना त्याचा चेहरा मला तसाच दिसतो, आणि हे कौतुकाने सांगावे की संतापाने, ते मला कळत नाही. गावी आपले घर नसेल तर लोक नावे ठेवतात, म्हणून तो नैरोबीत एका खोलीत राहून तिकडे विटा रचतो आहे.

खरा संताप मला चर्चच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्यांचा येतो. एका रविवारी मलाखी 3:10 वाचून दशांश पुरता आणा म्हणायचे, आणि दुसऱ्या रविवारी 1 तीमथ्य 5:8 वाचून, जो घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, असे त्याच माणसाला सुनवायचे. दोन्ही वचने पाळायला पगार मात्र एकच. तरीही त्याचे वडील वारले तेव्हा रात्री जागायला, उगाली शिजवायला आणि शवपेटी गावी न्यायला गाडी ठरवायला चर्चचीच माणसे आली होती. कारखान्यातून आम्ही फक्त पुष्पचक्र पाठवले. त्यामुळे त्याच्या श्रद्धेला नाक मुरडण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

या सगळ्यांत तुला स्वतःला काय हवे, असे त्याला कोणी विचारत नाही. नैरोबीच्या कारियोबांगी भागातल्या जुआ काली, म्हणजे उघड्यावर छोटे धंदे करणाऱ्या, कारागिरांच्या शेजारी स्वतःची एक शेड आणि एक जुने वेल्डिंग मशीन, एवढेच त्याला हवे आहे. मशीनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम दर वेळी कोणाच्या तरी शाळेच्या फीमध्ये किंवा शवपेटीत जाते, आणि माझ्या डोळ्यांसमोर, त्याच लोखंडी पेटीवर बसून तो ती पाठवतो. परवा मात्र हसत म्हणाला, "मशीन आले की पहिले काम चर्चच्या फाटकाचे करणार, पण मजुरी घेऊन." मजुरी घ्यावीच, आणि निम्मी आगाऊ घ्यावी, असे मी त्याला बजावले आहे.