'वर्षभर राहिलं की इन-स्टेट फी' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मुलाला हव्या त्या राज्यात खोली घेऊन द्या, ड्रायव्हिंग लायसन्स काढा, मतदार म्हणून नाव नोंदवा, बारा महिन्यांत सरकारी विद्यापीठाची इन-स्टेट फी लागू. एच-४ वाल्यांना मात्र मिळत नाही.' (इन-स्टेट फी म्हणजे त्या राज्याच्या रहिवाशांना लागणारी कमी फी; एच-४ म्हणजे एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा.) ओळखीतली दोन घरं त्यावर विसंबून बसलीत, म्हणून लिहितेय.

आधी मतदार नोंदणी. एच-४ वरच्या मुलाने, अगदी ग्रीन कार्ड असलेल्यानेही, हे मुळीच करू नये. त्या फॉर्मवर 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' असं मान्य करून खाली सही करावी लागते. नागरिक नसताना ते धडधडीत खोटं ठरतं. त्यापायी मुलाला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, पुढचं ग्रीन कार्डही हातचं जाऊ शकतं. मेसेज पुढे पाठवलाच असेल तर निदान एवढं तरी आजच्या आज दुरुस्त करून कळवा.

'मूल तिथे राहिलं की झालं.' नाही. मूल आपल्या पैशांवर शिकत असेल, तर बहुतेक राज्यं आई-वडिलांचं बिऱ्हाड कुठे आहे ते बघतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात पदवीला जाणारं मूल चोविशीच्या आतलं आणि पालक राज्याबाहेर असतील, तर ते स्वतःच्या कमाईवर जगतंय हे सहसा दाखवावं लागतं. खोलीचं भाडं न्यू जर्सीतल्या बाबांच्या खात्यातून जात असेल तर काय दाखवणार? तिथे २०२४-२५ साली बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३४,२०० डॉलर जादा पडत होते. एवढी रक्कम कुणी नुसत्या लायसन्सवर सोडत नाही.

बारा महिन्यांचा आकडा बऱ्याच राज्यांत खरा आहे, पण ते मोजतात कसे ते बघा. टेक्सासमध्ये सत्राच्या सेन्सस डेटच्या (विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी होते त्या तारखेच्या) आधीचे सलग बारा महिने लागतात. आमचे शेजारी न्यू जर्सीहून डॅलसजवळ आले ते ऑक्टोबरात, लेकीचं कॉलेज पुढच्या ऑगस्टात. पहिलं सत्र बाहेरच्यांच्या फीनेच भरलं. मग काकूंनी भाडेकरार, दोघांच्या पगाराच्या स्लिपा असं सगळं एका फाइलीत लावून पुन्हा अर्ज केला, आणि पुढच्या, म्हणजे स्प्रिंगच्या सत्रापासून फी उतरली. दोघंही एच व्हिसावर, लेक एच-४ वर. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एच-४ आड येत नाही, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) येतो.

कॉलेजात काढलेलं वर्षही सगळीकडे धरत नाहीत. मिझुरीसारख्या राज्यात मात्र शिकता शिकता तिथे राहून, कमावून, कर भरून इन-स्टेट फी मिळवणं जमतं. म्हणून घर हलवण्याआधी त्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला (कोण राज्याचा रहिवासी ते ठरवणाऱ्या कचेरीला) तारखांसकट ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.