भट्टी दोन्हीकडं तीच, मग मोजणी नाक्यापर्यंतच का?

रविवारी सकाळी मावसभावाचा फोन आला की मी समजून जातो, एकतर पंचगंगा वर आलीय नाहीतर भट्टीवर माणसं नाहीत. ह्यावेळी दुसरं होतं. त्याची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटी जॉबिंग फौंड्री आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरवर लोखंड ओतायचं, ट्रॅक्टर आणि पंपाची कास्टिंगं ओततो, आणि मोल्डिंगची, म्हणजे वाळूचे साचे करणारी, बिहारची पोरं छठला म्हणून गेली ती अजून आलीच नाहीत. त्यात त्याचाच पुतण्या, आयटीआय झालेला, जर्मनचा क्लास लावून बसलाय. "न्या भावा, न्या, आमची सगळी पोरं न्या तिकडं, आम्ही म्हातारी माणसं वाळू मारतो" असं म्हणून त्यानं अर्धा तास माझी हजेरी घेतली. जसं काय करारावर सही मीच केली होती.

करार म्हणजे तो २०२४ चा, महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य, सुरुवातीला दहा हजार पोरं इकडं कामाला पाठवायची. मी ह्याच राज्यात राहतो, ऱ्हाईन नदीच्या काठावर केलमध्ये, नदीपलीकडं फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग. तेव्हापासून गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर दोनच पार्ट्या दिसतात. एक म्हणते पोरांचं कल्याण झालं, दुसरी म्हणते आमच्या पैशानं शिकवायची आणि फुकट गोऱ्याला द्यायची. मला दोन्ही पटत नाहीत, कारण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही, की पाच-सात वर्षांनी कोल्हापूरच्या फौंड्रीला नेमकी कसली माणसं लागणार आहेत, आणि हे कुणी बसून मोजतंय का?

इकडं ते मोजायची सवय आहे, म्हणजे जरा जास्तच आहे. युरोपियन युनियनची सेडेफोप म्हणून एक संस्था आहे, १९९५ पासून ग्रीसच्या थेसालोनिकीत, ती कुठल्या धंद्यात किती आणि कसली माणसं लागतील ह्याचा देशोदेशीचा अंदाज काढते. शिवाय एकेका धंद्याचे मालक आणि कामगार संघटना, दोघं मिळून, अनेक देशांचे एका टेबलावर बसतात. स्टीलचं असं टेबल २०१९ ला सुरू झालं, गाड्यांचं त्याच्या आधीच, आणि कापड-चामडं-चपला ह्यांचं तर त्याच्याही आधी. आता खरं सांगायचं तर ह्यातले निम्मे रिपोर्ट पीडीएफ होऊन पडतात, चार वर्षांनी प्रोजेक्टचा पैसा संपला की वेबसाईट पण झोपते, आणि माझ्या ओळखीच्या एकाही छोट्या कारखानदारानं ते वाचलेले नाहीत. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. जर्मनीत गाडी मेकॅनिकच्या अप्रेंटिसशिपमध्ये हायव्होल्टेजची वेगळी शाखा २०१३ लाच घातली, तेव्हा रस्त्यावर इलेक्ट्रिक गाडी दिसली तर आम्ही फोटो काढायचो! आधी माणूस तयार, मग गाडी.

आपल्याकडं उलटं होतं. सेक्टर स्किल कौन्सिल, म्हणजे एकेका धंद्याला कसलं कौशल्य लागतं ते बघणाऱ्या संस्था, आपल्याकडं पण काढल्यात, ऑटोचं आहे, कॅपिटल गुड्सचं, म्हणजे यंत्रसामग्रीचं आहे, नावं सगळी बरोबर आहेत. पण मावसभावाला विचारलं तर त्याला त्यातलं एकपण माहीत नाही, आणि त्याच्या मोल्डरला विचारायचा तर प्रश्नच नाही, त्याला त्या टेबलावर खुर्चीच नाही. इलेक्ट्रिक गाडी येऊन इंजिन गेलं तर त्याच्या ब्लॉक आणि हेडची कास्टिंगं जाणार, इलेक्ट्रिक मोटरचं हाऊसिंग बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, आणि आपलं कोल्हापूर मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न ह्या ओतीव लोखंडावर उभं. युरोपनं २०२३ ला ठरवलं की २०३५ नंतर धूर सोडणारी नवी गाडी विकायची नाही, आता त्यात ढील द्यायचं चाललंय, पण ढील दिली म्हणून दिशा बदलत नाही. ट्रॅक्टर आणि पंप आहेत म्हणून मावसभाऊ अजून निवांत आहे. शेजारच्या शेडमधला, जो फक्त गाड्यांचंच ओततो, तो निवांत नाही.

आता मला जे खरं बोलायचंय ते. हे असलं मोजायचं काम एकट्या कोल्हापूरला झेपणारं नाही, आणि मुंबईनं कोल्हापूर-सांगली धरून आपल्यापुरतं मोजलं तरी अर्धवटच होणार, कारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बेळगाव आहे. तिथं पण फौंड्र्या, तिथं पण क्लस्टर, बऱ्याचदा गिऱ्हाईक पण तेच, पोरं पण त्याच गावांतली, निपाणी-चिकोडी-कागल पट्ट्यातली, जिकडं पगार पाचशे जास्त तिकडं जाणारी. पण कागदावर कोगनोळी नाक्यापाशी सगळं संपतं, आयटीआय वेगळी, खातं वेगळं, आकडे वेगळे. बेळगावचं नाव घेतलं की आपल्याकडं एकच विषय निघतो. तो विषय खोटा नाही, माझे आजोबा त्या आंदोलनात जाऊन आलेत, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे तो तिथं चालू दे की. (शहराची हद्दवाढ ज्यांना जमत नाही त्यांना मी राज्याच्या हद्दीपलीकडचं सांगतोय, हसू नका.)

कारण माझ्या खिडकीतून दिसणारी नदी बघा. स्ट्रासबुर्ग १८७० ते १९४५ ह्या काळात चार वेळा इकडचं तिकडं झालं, तेही रक्त सांडून. आज त्याच नदीवरून २०१७ पासून ट्राम जाते, आणि २०१३ ला करार झाला की पोरानं शाळा फ्रान्समध्ये शिकायची आणि कारखान्यातलं काम जर्मनीत. करार झकास आहे, पण पोरं फार कमी येतात, कारण तिकडच्या नव्या पिढीला जर्मन येईनाशी झालीय. आणि आपल्याकडं बघा, बेळगावच्या वर्कशॉपमधला पोरगा सकाळी मराठीत शिव्या देतो, दुपारी कन्नडमध्ये हिशोब करतो. इथं ज्याच्यासाठी पैसे खर्चून क्लास काढतात ते आपल्याकडं फुकट पडलंय, आणि आपण त्याच्यावरनं बसवर दगड मारतो.

अशक्य आहे म्हणाल तर कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून, इकडचे चार जिल्हे आणि तिकडचे चार. २०२५ ला प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपलंच पायताण इटलीत रॅम्पवर चालवलं तेव्हा आपण सगळे तापलो, पण नंतर जी बोलणी झाली त्यात दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं एका बाजूला बसली, आणि कारागिरांच्या ट्रेनिंगचा विषय पण त्यात आला. चामड्याला जमतं मग लोखंडाला का नको?

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं. म्हटलं तुमची असोसिएशन आणि बेळगावची, वर्षातनं दोनदा बसा, कोणाकडं कसलं काम येतंय, कसली माणसं कमी पडतायत एवढं एका कागदावर मांडा, आणि तो कागद दोन्हीकडच्या आयटीआयला द्या, बास. तो म्हणाला, शिकवून तयार केला की शेजारचाच पळवतो, मग कोण शिकवणार. त्याचं चूक नाही. इथं प्रत्येक कारखान्याला चेंबरचं, म्हणजे त्या भागातल्या उद्योग-व्यापार मंडळाचं, सभासद व्हावंच लागतं, वर्गणी भरावीच लागते, परीक्षा चेंबर घेतं, त्यामुळं पोरगा पळवला तरी शिकवायचा खर्च थोडाफार सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. आपल्याकडं असोसिएशनची वर्गणी मागायला गेलं की साहेब बाहेर गेलेले असतात.

शेवटी म्हटलं, निदान बेळगावच्या एका फौंड्रीवाल्याला फोन तरी कर.

"त्याचा नंबर आहे की माझ्याकडं," तो म्हणाला. "माझा हेड मोल्डर गेल्या दिवाळीत त्यानंच नेलाय."