‘अभिमान’ पाहिलेल्यांनी तरी असे लिहू नये

गेल्या पंधरवड्यात माझ्या भाचीचा साखरपुडा झाला. मुलगी गाते, गाणे शिकवते, इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यात वर्षाकाठी आठ-दहा कार्यक्रम करते. मुलगा नोकरी सांभाळून संवादिनीची साथ करतो. पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत दोन्ही घरांच्या मिळून केलेल्या व्हॉट्सअॅप गटात एका वडीलधाऱ्या बाईंनी एक लांबलचक मजकूर टाकला. ‘प्रत्येक नववधूने वाचावे असे काही’ असे त्याचे शीर्षक होते. हाच मजकूर त्याआधी रामबागेतल्या एका मैत्रिणीकडून आणि आणखी दोन गटांतून माझ्यापर्यंत आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला होता. या वेळी मात्र रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने हळूच विचारले, “मावशी, लग्नानंतर कार्यक्रम जरा कमी केले तर बरं दिसेल का गं?” फोन ठेवल्यावर चष्मा शोधला आणि तो मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा असा. हृषीकेश मुखर्जी यांचा १९७३ सालचा ‘अभिमान’ हा चित्रपट म्हणजे सतारवादक पंडित रविशंकर आणि त्यांच्या पहिल्या पत्नी अन्नपूर्णादेवी यांची सत्यकथा आहे. एकाच क्षेत्रातल्या दोघांनी लग्न करू नये, हा त्याचा धडा आहे. नवऱ्याला वाटणारा मत्सर हे त्याच्या प्रेमाचेच रूप असते आणि शहाण्या बायकोने त्याचा अभिमान जपावा. चित्रपटाची गाणारी नायिका उमा हिने वेळीच गाणे सोडले म्हणून तिचा संसार वाचला. उमेची भूमिका करणाऱ्या जया भादुरी यांनीही हा धडा स्वतः गिरवला आणि लग्न होताच चित्रपटांना रामराम ठोकला. मध्येच, उमेचा गायक नवरा सुबीर याची सगळी गाणी किशोरकुमार यांनी गायली असून ते ‘आपल्या शेजारच्या खंडव्याचे’ आणि उमेचा आवाज ‘आपल्या इंदूरच्या लतादीदींचा’, अशी छाती फुगवणारी एक ओळही आहे.

या मधल्या ओळीचा निकाल आधी लावते, कारण तो सोपा आहे. लतादीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात शीख मोहल्ल्यात झाला आणि किशोरकुमार खंडव्याचे, हे खरेच आहे. पण अमिताभ बच्चन यांनी साकारलेल्या सुबीरला या चित्रपटात तीन आवाज आहेत. दोन गाणी किशोरकुमार यांची, स्वागत-समारंभातले युगुलगीत महंमद रफी यांचे आणि आणखी एक मनहर उधास यांचे. गाणी ऐकून सोडून देणाऱ्याची अशी चूक होऊ शकते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हाच माणूस पुढे कथेविषयी इतक्या ठामपणे बोलतो, तेव्हा त्याने चित्रपट पाहिला तरी आहे का, असा प्रश्न पडतो.

सत्यकथेविषयी. साम्य आहे, हे मला मान्य करावे लागेल. अन्नपूर्णा ही मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची कन्या सूरबहार, म्हणजे सतारीच्या जातीचे खर्जातले वाद्य, अशी वाजवायची की पतीपेक्षा तिच्याच वादनाची वाहवा अधिक व्हायची, असे सांगणारे अनेक जाणकार होते, आणि पुढे तिने जाहीर मैफली कायमच्या बंद केल्या. कुणी या चित्रपटाच्या संदर्भात किशोरकुमार आणि त्यांच्या पहिल्या पत्नी रूमा घोष यांचेही नाव घेतात. प्रेरणा कुठून आली यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला एवढेच दिसते की मजकूर लिहिणाऱ्याने आपलाच पहिला मुद्दा घेऊन आपलाच चौथा मुद्दा मोडला आहे. अन्नपूर्णादेवींचे लग्न १९४१ साली झाले, व्यासपीठ त्यांनी सोडले, आणि तरीही तो संसार टिकला नाही. १९८२ साली रीतसर घटस्फोट झाला. उमेची कथा खरोखर त्यांचीच असेल, तर ‘कला सोडली की संसार वाचतो’ हे वाक्य कोणत्या तोंडाने लिहिले? शिवाय व्यासपीठ सोडल्यावरही त्यांनी विद्या सोडली नाही. हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांच्यासारखे शिष्य त्यांच्याकडे शिकले. त्या २०१८ साली गेल्या, तोवर त्यांच्या नावाला लोकांनी लावलेले विशेषण ‘गुरुमाँ’ हे होते.

आता ज्या मुद्द्याने माझे डोके फिरले त्याकडे येते. त्यासाठी मी गेल्या रविवारी चित्रपट पुन्हा लावला आणि शेजारी वही घेऊन बसले, कारण गटात कुणाशी वाद घालायचा तर ‘मला आठवते त्याप्रमाणे’ असे म्हणून भागत नाही.

‘उमेने गाणे सोडले म्हणून तिचा संसार वाचला.’ चित्रपटातला घटनाक्रम याच्या नेमका उलटा आहे. गावाकडे देवापुढे आणि नदीकाठी गाणाऱ्या उमेला ध्वनिमुद्रणाकडे नेतो तो सुबीरच. तिला त्याची हौस नसते. स्वागत-समारंभात दोघांचे गाणे ऐकून डेव्हिड यांनी साकारलेले जाणते गृहस्थ, ब्रजेश्वर राय, मनातून चरकतात, कारण उमेचे गाणे नवऱ्यापेक्षा वरचे आहे, हे त्यांच्या कानाने तिथेच टिपलेले असते. पुढे उमेची मागणी वाढते, चाहते तिच्याभोवती जमू लागतात आणि सुबीर आक्रसत जातो. मग उमा गाणे सोडते. मजकूर इथे थांबतो. चित्रपट इथे थांबत नाही, आणि खरी कथा इथूनच पुढची आहे. गाणे सोडल्यावर सुबीरचा मत्सर शमतो का? मुळीच नाही. आता त्याला तिच्या त्यागाचाही राग येतो. दारू आहे, चित्रा या मैत्रिणीच्या घरी जाऊन बसणे आहे, टोचून बोलणे आहे. उमा माहेरी जाते, तिचा गर्भपात होतो आणि ती दगडासारखी होते. तिचे रडणेसुद्धा थांबते. म्हणजे गाणे सोडल्याच्या बदल्यात तिच्या पदरात काय पडले, तर मोडलेला संसार, गेलेले मूल आणि गेलेला आवाज. याला ‘संसार वाचला’ म्हणणाऱ्याने आधी वाचणे या क्रियापदाचा अर्थ सांगावा.

आणि संसार सावरतो तो कशाने? गाण्याने. शेवटच्या कार्यक्रमात सुबीर येऊ घातलेल्या बाळाचे स्वप्न रंगवणारे ते गाणे गातो, आणि ते बाळ गेलेले आहे हे आपल्याला ठाऊक असते. उमेचा बांध फुटतो आणि ती त्याच्याबरोबर गाऊ लागते. भाचीला मी हा प्रसंग दोनदा लावून दाखवला. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी मात्र तिच्यातली गाणारी जागी झाली आणि म्हणाली, “मावशी, चेहऱ्याकडे बघ, आधी हुंदका आहे आणि त्या हुंदक्यावर सूर आलाय. बोलली कुठे आहे ती अजून?” हे माझ्या वहीत नव्हते. नवऱ्याशी एक शब्दही बोलण्याआधी ती बाई गाते, आणि मग माणसांत येते. तेही भरल्या सभागृहासमोर, ज्या व्यासपीठावरून तिने उतरावे असे मजकूर सुचवतो त्याच व्यासपीठाच्या साक्षीने. शेजारच्या खंडव्याचा आणि आपल्या इंदूरचा असे जे दोन आवाज त्या मजकुरात मिरवले आहेत, तेच दोन या गाण्यात आहेत. ते तरी ऐकायचे होते.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. मजकुराला ही पळवाट थोडीशी चित्रपटानेच दिली आहे. उमेला पहिल्यापासून कीर्तीचा लोभ नाही, तिला नुसते घर हवे आहे, असे दिग्दर्शकाने इतके ठसवले आहे की गाणे सोडताना तिचे काय काय तुटते हे पुरते दिसतच नाही. तिला नाव हवे असते, पैसा हवा असता, तर प्रेक्षकांनी तिची बाजू घेतली असती का, याची मला शंका आहे. सुबीरचा पश्चात्तापही फार स्वस्तात उरकला आहे. सुबीरची मौसी, मित्र आणि ते वडीलधारे ब्रजेश्वर राय यांनी वाट दाखवल्यावर साहेबांना उपरती होते. हा चित्रपटाचा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. पण त्या दोषातून ‘बायकोने गप्प बसावे’ हा निष्कर्ष निघत नाही.

‘नवऱ्याचा अभिमान जपावा’ ही ओळ कुठून आली असेल, याचा मात्र मला अंदाज आहे. आपण इंदूरकर मराठी माणसे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलतो, आणि काही शब्द दोन्हीकडे सारखे दिसतात म्हणून सारखेच समजतो. मराठीत अभिमान ही चांगली गोष्ट आहे. मुलगी पहिली आली की आपल्याला तिचा अभिमान वाटतो. हिंदीत अभिमान म्हणजे गर्व, घमेंड, म्हणजे माणसाला लागलेली कीड. हृषीदा बंगाली, आणि बंगालीत तर या शब्दाला तिसरीच छटा आहे. आपल्याच माणसाने दुखावले म्हणून धरलेला, बाहेरच्यावर कधीच न धरला जाणारा रुसवा म्हणजे तिथला अभिमान. चित्रपटात सुबीरची घमेंड आहे आणि उमेचा मुका रुसवा आहे, एकाच शब्दात दोघांचे दुखणे. मजकूर लिहिणाऱ्याने यातला मराठी अर्थ उचलला आणि ज्याला चित्रपट रोग म्हणतो तेच देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. मत्सर हे प्रेमाचे रूप, असे सुबीर स्वतःसुद्धा कुठे म्हणत नाही. त्याला आपली लाज वाटत असते.

एकाच क्षेत्रातल्या दोघांच्या लग्नाबद्दल फार बोलत नाही. ज्यांनी या चित्रपटाला संगीत दिले आणि त्यासाठी फिल्मफेअर मिळवले, त्या सचिनदेव बर्मन यांच्या पत्नी मीरा देव बर्मन स्वतः गायिका आणि गीतकार होत्या आणि पतीच्या अनेक चित्रपटांत त्यांनी संगीत-साहाय्य केले. आणि इंदूरच्या माणसाने तर इतक्या लांब जाऊच नये, बस धरून देवासला जावे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारपणात तिथे येऊन राहिले. त्यांच्या पहिल्या पत्नी भानुमतीताई गाणाऱ्या, दुसऱ्या पत्नी वसुंधराताईही गाणाऱ्या. कुमारजी आणि वसुंधराताई यांची एकत्र गायलेली निर्गुणी भजने आमच्या घरात आजही लागतात. वसुंधराताईंना पद्मश्री मिळाली ती २००६ साली, म्हणजे कुमारजी जाऊन चौदा वर्षे झाल्यावर. एवढा उशीर का, हे विचारायला हवेच. पण तो प्रश्न मानसन्मान देणाऱ्यांना विचारायचा आहे, त्यासाठी गाणाऱ्या मुलीने गाणाऱ्या मुलाला नकार द्यायचे कारण नाही.

राहिल्या जया भादुरी. त्यांचे लग्न ३ जून १९७३ रोजी झाले आणि ‘अभिमान’ त्याच वर्षी जुलैअखेर प्रदर्शित झाला. ‘लग्न होताच रामराम’ असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी १९७४ चा ‘कोरा कागज’, १९७५ चे ‘मिली’, ‘चुपके चुपके’ आणि ‘शोले’, १९७९ चा ‘नौकर’ आणि १९८१ चा ‘सिलसिला’ यांत दिसणारी बाई कोण, हे सांगावे. यांपैकी ‘कोरा कागज’ आणि ‘नौकर’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले. पुढे मुले लहान असताना त्यांनी काम खूप कमी केले, हे खरे आहे. पण ‘लग्न होताच’ हे दोन शब्द खोटे आहेत, आणि त्या मजकुराचा सगळा जोर नेमका त्याच दोन शब्दांवर आहे.

हे सगळे मी त्या गटात टाकले, थोडे सौम्य करून, कारण शेवटी होणारी विहीणबाई त्याच गटात आहे. मजकूर पाठवणाऱ्या बाईंनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. त्याचा अर्थ काय लावायचा हे मला कळलेले नाही. भाचीने मार्गशीर्षातल्या देवासच्या कार्यक्रमाला होकार कळवला आहे आणि साथीला कोण बसणार आहे, हे तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.